शंभर ग्रॅमला चिंच

परवा बडोद्यात हरणीकडच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतून मला एक फॉर्म आला. सूक्ष्म उपकरणांच्या दुरुस्तीत जन्म घालवलेल्या बाईने त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे तासभर बोलावं, आणि त्याआधी ‘या व्यवसायासाठी लागणारी पाच कौशल्ये’ पाच ओळींत लिहून पाठवावीत, अशी विनंती. नमुन्यादाखल पहिली तीन त्यांनीच भरून दिली होती: संयम, एकाग्रता, तीक्ष्ण नजर.

हे ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात चष्म्याचा स्क्रूसुद्धा बसवला नसणार. संयम म्हणे! ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते आमचे मास्तर म्हणजे अख्ख्या बडोद्यातला सर्वांत उतावळा माणूस. चहा निवायची वाट बघायला लागू नये म्हणून ते त्यात पाणी घालायचे. एकाग्रतेचं म्हणाल तर दुरुस्ती करताना त्यांना रेडिओवर क्रिकेटची कॉमेंटरी लागायची, आणि आपली विकेट पडली की तोंडातून शिवी निघायची, पण चिमट्यातला स्क्रू जागचा हलायचा नाही. राहिली नजर. तिच्याबद्दल तर पुढे सगळं सांगणारच आहे.

मास्तर शाळेतले नव्हेत. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस-एक वर्षं उपकरणं दुरुस्त केली, निवृत्त झाल्यावर दांडिया बाजारात दुकान काढलं, पण नाव मास्तरच राहिलं. दुकानाच्या एका बाजूला देऊळ, दुसऱ्या बाजूला फरसाणवाला. एकीकडून उदबत्तीचा धूर, दुसरीकडून तळणाचा, आणि मधे आम्ही मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत अचूक.

मी बी.एस्सी. झाले तो नव्वदच्या दशकाचा मध्य होता. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज येत होतं. माझ्यासाठी उघडलं ते मास्तरांचं शटर, तेही अर्धंच, वाकून आत जावं लागायचं. मुलाखतीत त्यांनी सर्टिफिकेटाकडे बघितलंसुद्धा नाही. माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि विचारलं, “हाताला घाम येतो?”

“नाही.”

“खोटं बोलतेस?”

“कधी कधी.”

“बरं. ये उद्यापासून, बेन.”

बडोद्यात मराठी माणूससुद्धा परक्या पोरीला बेन म्हणतो, त्यामुळे मला ते खटकलं नाही. आईला मात्र नोकरीच खटकली. फर्स्ट क्लास घेऊन मुलगी तराजू पुसायला जाते, हे तिला आमच्या अकोटा भागातल्या शेजारणींना सांगता येईना. ती ‘प्रयोगशाळेत आहे’ असं सांगायची.

दुकानात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वजनांची एक लाकडी पेटी. आत मखमल, मखमलीत पितळेची वजनं: दोनशे ग्रॅम, शंभर, पन्नास, वीसची दोन, दहा, आणि त्याखाली नखाएवढे पातळ पत्रे, मिलिग्रॅमचे. पेटी संस्थानी काळातली, कुणा जुन्या प्रयोगशाळेच्या लिलावातून मास्तरांनी उचललेली. वजनं काळपट तपकिरी झाली होती, पण दर दोन वर्षांनी सरकारी प्रयोगशाळेतून तपासून यायची आणि दर वेळी खरी ठरायची. आमच्याकडे येणारा प्रत्येक तराजू ह्या पेटीशी जुळवला जायचा. पेटी म्हणेल ते शंभर ग्रॅम. तिच्यावर अपील नाही.

पेटीला कुलूप होतं आणि कुलपाची चावी मास्तरांच्या जानव्याला बांधलेली. पेटी उघडायची म्हणजे मास्तर शर्टाची वरची दोन बटणं काढणार, आत हात घालणार, चावी ओढून बाहेर काढणार आणि जानवं तुटू नये म्हणून स्वतःच कुलपाशी वाकणार. नवं गिऱ्हाईक असलं तर ते घाबरून उठून उभं राहायचं. आठ महिने मी हा सोहळा लांबून बघितला. चावी माझ्या हातात कधी आली नाही. मला ती हवी होती, अगदी उघड सांगते, लग्नाच्या वयात बाकीच्या मुलींना काय काय हवं असतं तशी मला ती चावी हवी होती.

त्या वर्षी ऐन नवरात्रात मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं, अंगावर धातूचं काही नको. मास्तरांनी वाद घातला, हरले, आणि दातांनी गाठ सोडवून चावी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, “खंडेनवमीची पूजा तू कर. हत्यारं, पेटी, सगळं नीट. बराबर कर, हं.”

झालं. मला बराबर करायला सांगितलं.

खंडेनवमीला ज्याचं पोट ज्या हत्यारावर त्याने ते हत्यार पुजायचं. आमच्या घरी तलवार नव्हती, आईची विळी आणि बाबांचा टाइपरायटर पुजला जायचा. आणि पुजायचं म्हणजे आधी घासायचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. काळ्या पितळेला हळदकुंकू लावणारी बाई आमच्या आईच्या लेखी माणसात जमा नव्हती. मी पेटी उघडली, ती कळकट वजनं बघितली आणि मला मास्तरांची कीवच आली. बिचाऱ्यांना दिसत नाही, म्हणूनच ही दशा. घरून चिंचेचा गोळा आणि चिमूटभर रांगोळी डब्यातून आणली आणि दुकानाच्या मोरीत बसून सगळी वजनं लखलखीत केली; पातळ पत्रे वाहून जातील म्हणून तेवढे सोडले.

वजनांना उघडं बोट लावायचं नाही, बोटाच्या तेलकटपणानेही वजन वाढतं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तो मी काटेकोर पाळला. हातमोजे घालून घासली.

फर्स्ट क्लास होता मला. वस्तू घासली की झिजते हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण डोक्यातलं फिजिक्स आणि हातातली चिंच यांची तोपर्यंत गाठच पडली नव्हती. मोठ्या वजनांतलं एक दोनशेचं तेवढं वाचलं, कारण ते पेटीत नव्हतं. एका सरकारी कॉलेजचा जुना, दोन पारड्यांचा तराजू आतल्या ओट्यावर काचेत उभा होता, त्याच्या पारड्यात मास्तर ते ठेवून गेले होते आणि काचेवर चिठ्ठी लावली होती: हात लावू नये. मी आज्ञाधारक. नाही लावला.

दहा दिवसांनी मास्तर हिरवा चष्मा घालून दुकानात आले. चावी परत जानव्यावर गेली. पेटी उघडली आणि ते बघतच राहिले.

“अगं, सोन्यासारखी दिसतायत!” ते म्हणाले. “काय ऑपरेशन केलंय त्या माणसाने!”

मी तोंड उघडलं होतं सांगायला, देवाशप्पथ. पण मास्तर चिमट्याने एकेक वजन उजेडात धरून बघायला लागले. इतकी वर्षं मी माझी पेटी काळीच समजत होतो, म्हणाले. मग देवळात जाऊन नारळ फोडला, डॉक्टरला पेढे पाठवले आणि निम्म्या दांडिया बाजाराला त्याच डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला. आता अशा माणसाला चिंचेचं कोण सांगणार? आणि मला तरी त्यात सांगण्यासारखं काय वाटत होतं? स्वच्छता केली, तिचं श्रेय डॉक्टरला गेलं, एवढंच. मी मनातल्या मनात फणफणले आणि गप्प बसले.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आम्ही सहा ठिकाणी तराजू जुळवून दिले. तेव्हा हायवेलगतच्या औषध कारखान्यांत परदेशी इलेक्ट्रॉनिक तराजू यायला लागले होते. पारडं एकच, काटा नाही, हिरवे आकडे. पण त्यालासुद्धा शंभर ग्रॅम म्हणजे किती हे कुणीतरी दाखवावं लागतं. ते आम्ही दाखवत होतो.

सहापैकी पाच ठिकाणी काही झालं नाही. सहाव्या ठिकाणचा क्वालिटीचा साहेब मात्र वयाने मास्तरांच्या चपलांपेक्षा लहान, गळ्यात टाय, आणि त्याने तराजूबरोबर परदेशातून स्वतःची स्टीलच्या वजनांची पेटी मागवलेली. त्याने फोन केला. तुम्ही जुळवून गेलात आणि आता आमचं शंभर ग्रॅम तराजूवर सात-आठ मिलिग्रॅम जास्त दाखवतंय, महिनाअखेर परदेशी ऑडिटर येणार आहेत, मी त्यांना काय दाखवू?

मास्तर स्कूटर काढून, मला मागे बसवून तडक कारखान्यात. आमची पेटी माझ्या मांडीवर. आमचं शंभर ठेवलं: बरोबर शंभर. त्याचं ठेवलं: जास्त.

“बघा,” मास्तर म्हणाले. “तुमचं वजन जड आहे.”

“अंकल, आमच्या वजनाला सर्टिफिकेट आहे.”

“तुझं सर्टिफिकेट कालचं. ही पेटी तुझ्या आजोबांच्या आधीची आहे.”

तो शांतपणे म्हणाला की दोन्ही पेट्या सोमवारी सरकारी प्रयोगशाळेत पाठवू. एव्हाना कारखान्याच्या लॅबमधली सात-आठ माणसं गोळा झाली होती. आणि आमच्या उतावळ्या मास्तरांनी त्या सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं, “आमची पेटी खोटी निघाली, तर मी दुकानाचं शटर खाली ओढीन!”

परतीच्या वाटेवर ते खुशीत होते, गुणगुणत होते. मी मागे पेटी धरून बसले होते आणि मनात हिशेब जुळवत होते. सगळे तराजू आमच्या पेटीशी जुळतात, कारण ते आम्हीच आमच्या पेटीशी जुळवले. पेटीच जर चुकली असेल, तर तिला विचारून काय कळणार?

तो शनिवार होता. दुकानात आल्यावर मास्तर पेटी उघडीच ठेवून देवळात गेले. मी आतल्या ओट्यावर गेले आणि कॉलेजच्या त्या तराजूवरची ‘हात लावू नये’ची चिठ्ठी काढली. एका पारड्यात ते काळं दोनशे होतंच. दुसऱ्यात मी चिमट्याने शंभर, पन्नास, वीस, वीस, दहा ठेवले. बेरीज दोनशे. मूठ फिरवून दांडी मोकळी केली. काटा दोन्हीकडे झुलायला हवा होता, पण काळ्या वजनाचं पारडं खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

हलक्या बाजूला मी पत्रे घालत गेले. दहा मिलिग्रॅम, मग पाच, मग एक. सोळाला काटा मधे आला. सोळा मिलिग्रॅम म्हणजे पाच-सहा तीळ. तेवढं पितळ मी हातमोजे घालून मोरीत सोडलं होतं.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं की तीळभर कुणाला कळणार आहे. सोमवारी प्रयोगशाळा सांगेल पेटी खोटी. मास्तर म्हणतील जुनी झाली, झिजली. दोष वयावर जाईल. माझं नाव कुठेच येणार नाही, चावी आज ना उद्या माझ्याकडेच येईल. पण ते शटर ओढतील. बोलले म्हणजे ओढतीलच, तो माणूस तसाच होता. आणि सगळ्यांसमोर एका टायवाल्या पोराने त्यांना खोटं ठरवलेलं असेल, आणि का खोटे ठरलो हे त्यांना मरेपर्यंत कळणार नाही. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. 

मास्तर शेवउसळ खात होते. मला समोर बसवलं, एक बशी पुढे सरकवली. मी उसळीला हात न लावता एका दमात सगळं सांगितलं: खंडेनवमी, चिंच, रांगोळी, दोनशेचं वजन, सोळा मिलिग्रॅम.

त्यांनी चमचा खाली ठेवला.  मग हिरवा चष्मा काढला आणि विचारलं,

“म्हणजे ते सोन्यासारखं दिसत होतं, ते...?”

“चिंच.”

“डोळ्याचं काही नाही?”

“डोळ्याचंही असेल थोडं, मास्तर.”

“मी त्याला दोन किलो पेढे पाठवले.”

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही येत होतं, आणि मास्तरांनी ते हसू बघितलं. मग जे बरसले! मी आठ महिन्यांत ऐकल्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या, मराठी संपल्यावर गुजराती. बी.एस्सी.चा उद्धार झाला, युनिव्हर्सिटीचा झाला, चिंचेच्या झाडाचासुद्धा झाला. शेवटी दम लागल्यावर म्हणाले, “पेटीला आता तू हात लावायचा नाहीस. लांबूनसुद्धा बघायचं नाहीस. आणि सहाही जागी तूच सांगायचं. मी बाहेर स्कूटरवर बसेन.”

दुकानातून काढलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात घरी पोचल्यावर आलं.

सोमवारी आम्ही आधी त्या कारखान्यात गेलो. स्कूटरवर बसणार होते ते मास्तर माझ्या आधी आत शिरले. “इथे भांडलो मी होतो,” म्हणाले, “तेवढं माझं आहे.” साहेबासमोर उभे राहून म्हणाले, “तुमचं वजन खरं. आमचं खोटं.” चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असावं, कारण ते त्यांना धड म्हणता येत नव्हतं. साहेबाने कारण विचारलं. मास्तर म्हणाले, “आता वय झालं पेटीचं.”

“वय नाही,” मी म्हणाले. “मी चिंचेने घासली. दसऱ्यासाठी.”

साहेबाने एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे बघितलं. ऑडिटरला दाखवायला त्याला एक फॉर्म भरावा लागणार होता. ‘चुकीचे कारण’ या रकान्यापाशी तो जरा थांबला आणि मग त्याने लिहिलं: फेस्टिव्हल.

बाकीच्या पाच जागी मी एकटीने सांगितलं. एका ठिकाणी बोलणी खाल्ली, दोन ठिकाणी चहा मिळाला, एका कॉलेजात सरांनी वर्गाला बोलावून मला परत सांगायला लावलं. मांडवीजवळच्या सोनाराला मी म्हटलं की तुमचा तराजू किंचित जास्त दाखवतोय, परत जुळवून देऊ. तो घाईघाईने म्हणाला, “रेवा दो ने, बेन,” म्हणजे राहू द्या की. पेटी तपासून आल्यावर त्याचाही जुळवून दिला.

दुकानाशी आल्यावर मास्तरांनी शटर ओढलं, दणकन, खालपर्यंत.  ते पायरीवर बसले, फरसाणवाल्याकडून पापडी आणवली, चहा मागवून त्यात पाणी घालून प्यायले. अर्ध्या तासाने उठून शटर वर केलं. म्हणाले, “ओढीन म्हणालो होतो. किती वेळ, ते कुठे बोललो होतो?”

पेटी सरकारी प्रयोगशाळेत जाऊन आली. मास्तरांनी ती फेकली नाही. प्रत्येक वजन आता नक्की किती भरतं त्याचा कागद तिथून आला होता, तो झाकणाच्या आत चिकटवला आणि त्याप्रमाणे हिशेब करून काम सुरू केलं. किती कमी आहे हे ठाऊक असलं की कमी वजनही खरं काम देतं. पण दर वेळी पेटी उघडली की माझी घट शाईत लिहिलेली दिसायची, आणि ती मी लांबूनसुद्धा बघायची नव्हती, म्हणून मान वळवायची. अख्खं वर्ष मी मान वळवली. मायक्रोस्कोप खोलले, बुरशी लागलेली भिंगं साफ केली, दहा तराजू जुळवले, पण वजनं मास्तर काढून देणार आणि मास्तरच परत ठेवणार. एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या खंडेनवमीला मी हत्यारं मांडली. स्क्रूड्रायव्हर, चिमटे, भिंग, तेलाची कुपी. ताम्हनात हळदकुंकू. पेटीची जागा मोकळी सोडली होती. मास्तर आले, शर्टाची दोन बटणं काढली, आत हात घातला. नेहमीसारखे वाकले नाहीत. जानव्याची गाठ सोडवायला लागले. बोटांनी सुटेना, मग दातांनी. चावी ताम्हनाशेजारी टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्याकडेच राहू दे आता. कुंकू झाकणाला लाव. आत नाही.”

मी झाकणाला लावलं. मग त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं. दसरा दुसऱ्या दिवशी होता, पण म्हटलंच ना, माणूस उतावळा. “घे, सोनं घे,” म्हणाले. “सोन्यासारखी राहा. फक्त घासू नको.”

मी पेटी उघडली, वजनं मोजली, सगळी जागच्या जागी होती, परत पेटी बंद केली, कुलूप लावलं आणि आतल्या ओट्यापर्यंत चालत गेल्यावर मग रडले. जवळ रडले नाही. मिठाच्या पाण्याने पितळेवर डाग पडतात.